इथे मात्र पाणी अडवू नका

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्नर आणि आंबेगाव हे पाणी अडवणारे तालुके आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नरमध्ये, तर डिंभे आंबेगावात. कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते गाव स्वतःच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपल्याकडच्या मुलांना पाढ्यांच्या बरोबरीने पाठ झाली, आणि ते योग्यच झाले. पूर्वेला आणे पठारावर जाऊन पाहा, एका हंड्याची किंमत काय असते ते कळेल.

पण आपल्या दाराशी एक वस्तू अशी उभी असते, की तिच्यात पाणी अडवायचेही नसते आणि जिरवायचेही नसते. ती वस्तू म्हणजे जुनी मोटारगाडी. आज मी तिच्या पाणी जाण्याच्या वाटांबद्दल बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाने मोटारीच्या भोकांवर भाषण द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. कविसंमेलनांच्या निमित्ताने मी बहुतेक वेळा मित्रांच्या जुन्या गाड्यांतूनच फिरलो आहे. श्रावणात त्या गाड्यांचे दार उघडले की येणारा कुबट वास मला चांगला ओळखीचा आहे. त्या वासामागे काय असते, ते मी गॅरेजच्या बाकड्यावर बसून शिकलो.

आपल्याकडे मोटारगाडी बहुधा दुसऱ्या हाताने येते. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षे चाललेली गाडी इकडे येते आणि इथे तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. मारुती 800 ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. ओम्नी 2019 मध्ये थांबली. तरीही या गाड्या आपल्या वाड्यावस्त्यांवर आजही दिसतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घोडेगावला नाही तर मंचरला न्यायचे असो, पहाटे टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवायचे असोत किंवा पोरीला परीक्षेला सोडायचे असो, घरात तेवढे एकच चारचाकी वाहन असते. ते बसले की घराची पुष्कळ कामे बसतात.

अशी गाडी कशाने मरते? लोक म्हणतात, इंजिनाने. मी ज्यांच्याकडे बसतो ते मिस्त्री म्हणतात, पत्र्याने. इंजिन उतरवता येते, त्याचे भाग मिळतात, चार दिवसांत ते पुन्हा सुरू होते. पण पायाखालचा पत्रा सडला, दरवाजाखालची पट्टी पोखरली गेली, की जॅक लावताच तो पत्र्यात घुसतो. सीटचा पाया आणि बेल्टचा बोल्ट ज्या पत्र्याला धरून असतात तोच कुजला, तर अपघातात तो माणसाला धरून ठेवणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी दाखवावी लागते. सडका पत्रा तिथेही आडवा येतो.

आता मूळ मुद्दा. आपली अशी समजूत असते, की गाडी पेटीसारखी घट्ट बंद असते आणि पाणी आत आले म्हणजे कुठेतरी बिघाड झाला. ही समजूत चुकीची आहे. गाडी बनवणाऱ्याने पाणी आत येणार हे आधीच धरलेले असते. दरवाजाची काच वरखाली व्हायची, तर काच आणि दरवाजा यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. काचेला घासणारी रबराची पट्टी बरेचसे पाणी बाहेर टाकते, उरलेले काचेवरून ओघळत दरवाजाच्या पोटात उतरते. म्हणून दरवाजाच्या तळाशी, अगदी खालच्या काठाला, दोन-तीन बारीक भोके किंवा फटी ठेवलेल्या असतात. वरून आलेले पाणी खालून निघून जाते. नव्या गाडीतही हे असेच चालते.

धरणालाही सांडवा लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भिंत कितीही भक्कम असली तरी जादा पाण्याला वाट ठेवावी लागते. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी कोरणाऱ्यांनी पाणी नेमके कुठे साठवायचे ते ठरवले होते. आपली आजी पावसाळ्याआधी कौले शाकारून घ्यायची आणि त्याच दिवशी पन्हळीतला पालाही काढायला लावायची, कारण पन्हळ तुंबली तर पाणी भिंतीत शिरते हे तिला माहीत होते. वाऱ्याचेही तसेच आहे. खोडद आणि परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाची. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर उभी राहते. मोटारीची भोके याच शहाणपणातली आहेत.

घोटाळा होतो तो ही भोके बुजली की. आणि ती बुजवायला आपल्याकडे काय नाही! गाडी सावलीसाठी चिंचेखाली उभी असते. आंब्याचे पान मोठे, ते जाळीवर अडकते आणि हाताने उचलता येते. चिंचेचे पान बारीक, ते जाळीतून सरळ आत जाते आणि ओले झाले की त्याचा लगदा होतो. डिकीत कांद्याच्या गोण्या नेल्या की टरफले कोपऱ्यांत बसतात. भीमाशंकरच्या वाटेवरची तांबडी माती चाकाबरोबर उडून फटीत भरते आणि उन्हात विटेसारखी वाळते. कुंभारीण माशीला तर असे भोक म्हणजे आयते घरच, ती चिखल आणून ते लिंपून टाकते. शिवाय माणूसही हातभार लावतो. गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली, की पुट्टीचा किंवा खालून मारलेल्या काळ्या डांबरी लेपाचा थर या भोकांवरही बसतो. गाडी नव्यासारखी चकाकते आणि आतून सडायला लागते.

बुजलेला दरवाजा ओळखणे अगदी सोपे आहे. पावसानंतर दरवाजा उघडा आणि जरा जोरात हलवा. आत डबडब आवाज आला, तर दरवाजात पाणी साठले आहे. काच वर करणारी मोटार, स्पीकर, कुलपाची यंत्रणा हे सगळे त्याच पोटात असते. काच मधेच अडते, कुलूप कधी लागते कधी लागत नाही. आपण वायरिंगवाल्याकडे धावतो आणि कारण मात्र तळाच्या भोकात असते.

साफ करायला काय लागते? खराट्याचा एक जाडसर हीर किंवा तारा बांधायची प्लॅस्टिकची पट्टी. दरवाजा पूर्ण उघडा, खाली वाकून काठ पाहा, भोक सापडले की हीर हळू आत घालून फिरवा. तोंड बाजूला ठेवा, कारण काळे पाणी एकदम येते. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. तो रंग खरवडतो आणि उघड्या पत्र्याला पहिला गंज तिथेच धरतो. माती घट्ट असेल तर कोमट पाण्याने भिजवा आणि थोडे थांबा. मग काच खाली करून तिच्या बाहेरच्या अंगाने एक तांब्या पाणी सोडा. ते खालच्या सगळ्या भोकांतून आले पाहिजे. एका भोकातून आले आणि दुसऱ्यातून नाही, तर काम अर्धे झाले. दरवाजाखाली जो लांब पोकळ पट्टा असतो, ज्यावर आपण चढता-उतरता पाय ठेवतो, त्यालाही खालून अशीच भोके किंवा फटी असतात. त्याही पाहा, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची आणि जास्त दुर्लक्षित. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळ, काळी जाळी असते. काचेवरून येणारे सगळे पाणी त्या जाळीतून खालच्या पत्र्याच्या पन्हळीत पडते. पन्हळीच्या टोकांना वाटा असतात, काही गाड्यांत रबरी नळ्या असतात, त्यांतून पाणी पुढच्या मडगार्डच्या मागून जमिनीवर पडते. बहुतेक गाड्यांत आतल्या पंख्याला बाहेरची हवाही याच ठिकाणाहून मिळते. हवेचे तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवलेले असते. वाटा बुजल्या की पातळी वाढते, पाणी त्या तोंडातून पंख्यात शिरते आणि तिथून डाव्या बाजूला बसलेल्याच्या पायावर. मॅटिंगखालचा जाड फोम ते स्पंजसारखे शोषतो. वरून हात लावला तर किंचित दमट वाटते आणि खाली तांब्याभर पाणी असते. फ्यूजची पेटी जवळच असते. काही गाड्यांत इंजिनाचा छोटा संगणकही त्याच बाजूला, पायाजवळ असतो. त्याच्या पिनांवर हिरवा थर चढला की गाडी केव्हा बंद पडेल ते सांगता येत नाही.

माझे एक शिक्षक मित्र आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात नोकरीला होते. भाताचा मुलूख, जून ते सप्टेंबर पाऊस उघडीप देत नाही. त्यांच्या गाडीत दर पावसाळ्यात पुढे पाणी साठायचे. एका गॅरेजने पुढच्या काचेचे रबर बदलले. पुढच्या वर्षी दुसऱ्याने काचेच्या कडेने सिलिकॉन भरले. पाणी येतच राहिले. पोराला सर्दी-खोकला सुटेना, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “ही गाडी विका, नाहीतर मी एसटीने जाते.” शेवटी ते जुन्नरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी वायपरजवळची जाळी काढली, आत हात घातला आणि ओंजळभर काळा लगदा बाहेर काढून बॉनेटवर ठेवला. चिंचेची पाने, दोन वर्षांची. नंतर पन्हळीत पाणी सोडून दोन्ही मडगार्डखाली पाहिले. पैसे विचारले तर चहाचे सांगितले. मी शेजारीच उभा होतो. मला म्हणाले, “पानी कू रोको नक्को भाईजान, रस्ता देव उसकू.”

त्या गाडीत आधी झालेला खर्च कुठे गेला ते पाहा. दोघांनीही पाणी कुठून आत येते याचा शोध घेतला. ते बाहेर का जात नाही, हे कुणी विचारले नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सगळ्या वाटा मोकळ्या करा, मग तांब्याने पाणी सोडून तपासा, आणि तरीही पाणी आत आले तरच रबर आणि सिलिकॉनवर पैसे घाला. एखादे भोक दिसले आणि आत पाणी दिसले, म्हणून ते भोकच लांबीने बुजवून टाकणारे महाभागही आहेत. तो सांडवा बांधून टाकण्याचा प्रकार झाला.

हे काम करताना वायपर बंद ठेवा, किल्ली काढून खिशात ठेवा. पाला आधी हाताने उचला, आत ढकलू नका, नाहीतर तो नळीच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसतो. नळीच्या टोकाला चिमटलेले रबरी तोंड असेल तर खालून बोटांनी दाबून माती मोकळी करा. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा इथे मारू नका. मालिका सांगायची तर जाळी, पाला, नळी, मग थोडे पाणी. वाट बंद असताना बादलीभर पाणी ओतलेत, तर ते सरळ आत पंख्यावर जाईल.

तिसरी जागा डिकी. स्टेपनी उचला. तिच्याखालच्या खळग्यात पाणी आहे का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत तिथे रबरी बूच असते, ते काढून पाणी सोडता येते. पण बूच परत लावायला विसरू नका. पायाखालच्या पत्र्यातही अशी बुचे असतात. ही भोके रोजची वाट नव्हेत. ती उघडी राहिली तर रस्त्यावरच्या ओढ्याचे पाणी खालून वर येईल. म्हणजे काही भोके उघडी हवीत आणि काही बंद, हा फरक ओळखायचा. दरवाजाची आणि पन्हळीची उघडी, तळाची बुचाची बंद.

एसी असलेल्या गाडीत आणखी एक नळी असते. एसी चालू असताना हवेतला दमटपणा थंड जाळीवर पाणी होऊन जमतो आणि नळीतून गाडीखाली ठिबकतो. गाडीखाली पाणी पडलेले पाहून पुष्कळजण घाबरतात, पण ते ठिबकणे चांगले लक्षण आहे. दमट दिवशी बराच वेळ एसी चालवूनही खाली थेंब नाही आणि आत मॅटिंग ओले, तर नळी तुंबली आहे. मॅटिंगवरचे पाणी चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर प्रकरण वेगळे, ते इंजिन थंड ठेवणारे पाणी गळते आहे. तेव्हा गाडी मिस्त्रींकडेच न्या. छताला उघडणारी काच असलेल्या जुन्या गाड्याही आता आपल्याकडे येऊ लागल्या आहेत. त्या काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. त्यात हवेचा जोराचा झोत मारला तर नळी आतल्या आत जोडावरून सुटते आणि पाणी छतात शिरते. तिथे मऊ प्लॅस्टिकची दोरी हळू सोडायची, एवढेच.

पाणी आत साठलेच असेल, तर वाट मोकळी केल्यावर काम संपत नाही. मॅटिंग उचलून, फोम बाहेर काढून, उन्हात दोन-तीन दिवस वाळवावा लागतो. वरवर फडक्याने पुसून चालत नाही. लोखंडाला गंज धरायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ओला चिखल किंवा ओला फोम ही दोन्ही पत्र्याला आठवडेच्या आठवडे पुरवतो. वाहते पाणी पत्र्याचे फारसे बिघडवत नाही. मुक्कामाला राहिलेले बिघडवते. माळशेज घाटात धबधब्याखाली गाडी उभी करून हौसेने भिजवणारे तरुण पाहिले, की मला त्या गाडीच्या भोकांची काळजी वाटते. तासभर पावसाचे पाणी त्या दोन मिनिटांत पडते. वाटा मोकळ्या असतील तर ठीक, नसतील तर ती हौस पुढच्या वर्षी पत्र्यावर दिसते.

हे सगळे केव्हा करायचे? आपल्याकडे त्याचा मुहूर्त ठरलेला आहे. मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. वैशाखात झाडांची पाने गळून झालेली असतात, धूळ बसून झालेली असते, आणि पाऊस अजून यायचा असतो. एका गाडीला तास-दीड तास पुरतो. दुसरी फेरी गणपतीच्या आसपास, पाऊस भरात असताना. गाडी डेंटिंग-पेंटिंगहून आली की तिसरी, आणि ती ताब्यात घ्यायच्या आधी, तिथेच वाकून. कारागिराला सांगा, “दादा, खालची भोके उघडी आहेत का, तेवढे पाहू द्या.” चांगला कारागीर रागावणार नाही. आणि जुनी गाडी विकत घ्यायला गेलात, तर रंगावर हात फिरवण्याआधी मॅटिंगचा कोपरा उचला, स्टेपनी उचला, दरवाजा हलवून कान द्या. विकणारा काय सांगतो, त्यापेक्षा त्या तीन जागा जास्त खरे सांगतात.

या कामाचे बिल होत नाही, म्हणून ते कुणी आपणहून करत नाही, हेही सांगायला हवे. ते ज्याच्या त्याला घरीच करावे लागते. घरातल्या शाळकरी पोरांना हाताशी घ्या. एकाने तांब्याने पाणी सोडावे, दुसऱ्याने खाली बसून ते कुठून निघते ते ओरडून सांगावे. पोरांना हा खेळ फार आवडतो, आणि यंत्र कसे विचार करून बनवलेले असते तेही त्यांना कळते. पाण्याशी भांडायचे नसते, त्याला वाट ठेवायची असते, एवढे त्या वयात कळले तरी पुष्कळ झाले.

तेव्हा श्रोतेहो, धरणे भरू द्यात, विहिरी भरू द्यात, शेततळी भरू द्यात. गाडी मात्र रिकामी ठेवा. येत्या रविवारी एक हीर आणि एक तांब्या घेऊन तिच्याजवळ जा.